प्रमाणबद्ध वाहन-प्रतिकृती : गणित व हस्तव्यवसाय यांचा एक संयुक्त पाठ

आपल्या प्राथमिक शाळांच्या विज्ञान-प्रदर्शनांत वाहनांच्या प्रतिकृती दरवर्षी मांडल्या जातात. त्यांत बैलगाडी असते, ट्रॅक्टर असतो, एस.टी.ची लाल गाडी तर हटकून असतेच. रंगकाम बहुधा नीटनेटके असते. परंतु प्रतिकृती करणाऱ्या विद्यार्थ्यास, “बाळ, ही गाडी खऱ्या गाडीच्या कितवा हिस्सा आहे?” असा प्रश्न केला की तो गुरुजींच्या तोंडाकडे पाहू लागतो. जी वस्तू कशाचा कितवा हिस्सा आहे हे सांगता येत नाही, तिला खेळणे म्हणावे. प्रतिकृती म्हणू नये. खेळण्यास कमी लेखण्याचा हेतू येथे मुळीच नाही. मात्र गुणोत्तर व प्रमाण हा विषय शिकविणाऱ्या शिक्षकाच्या हाती हे एक उत्तम साधन आयते आलेले असताना त्याचा उपयोग होऊ नये, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे.

प्लॅस्टिकच्या सुट्या भागांपासून प्रतिकृती जोडण्याचा छंद पाश्चात्त्य देशांत व जपानात फार रुजला आहे. इंग्लंडमध्ये १९३६ साली ‘फ्रॉग पेंग्विन’ या नावाने विमानांचे असे संच निघाले. ते मूळ विमानाच्या १ : ७२ प्रमाणाचे होते. पुढे १९४९ मध्ये ‘एअरफिक्स’ या संस्थेने फर्ग्युसन ट्रॅक्टरची लहान प्रतिकृती तयार केली. ट्रॅक्टर विकणाऱ्या प्रतिनिधींना गिऱ्हाइकापुढे ठेवण्यासाठी ती होती. नंतर तीच सुट्या भागांच्या रूपाने बाजारात आली. शेतीच्या अवजारापासून या छंदाचा एक मोठा प्रवाह निघाला, हे आपल्या भागातील मुलांस अवश्य सांगावे. अमेरिकेत ‘ए.एम.टी.’ या संस्थेने १९५८ पासून मोटारींचे असे संच काढले की, एकाच पेटीतील भागांतून मोटार तीन प्रकारे जोडता यावी : कारखान्यातून निघते तशी, मालकाच्या हौसेप्रमाणे फेरफार केलेली, किंवा शर्यतीची. त्यांचे प्रमाण १ : २५ असे. दुसरे रूढ प्रमाण १ : २४ हे होय. त्याचे कारण साधे आहे. फूट-इंचांच्या हिशेबात एका फुटास अर्धा इंच घेतला की १ : २४ होते. आपण मीटर वापरतो. म्हणून आपणांस १ : २५ किंवा १ : २० हीच प्रमाणे सोयीची. पहिल्यात एका मीटरचे ४ सेंटिमीटर होतात, दुसऱ्यात ५. आपल्या रस्त्यांवर अनेक वर्षे धावलेली अ‍ॅम्बॅसडर मोटार सुमारे ४३२ सेंटिमीटर लांब होती. १ : २५ प्रमाणात ती १७.३ सेंटिमीटरांची होईल, म्हणजे पाटीवर सहज मावेल.

असे विकत मिळणारे संच आपल्या शाळांस परवडणारे नाहीत, आणि त्यांची आवश्यकताही नाही. ज्वारीच्या धाटाची साल व आतील मऊ गाभा यांची बैलगाडी करणे ही मराठवाड्यातील मुलांची जुनी विद्या आहे. गाभ्याचे तुकडे घ्यावयाचे व सालीच्या टोकदार काड्या त्यांत खोचून ते जोडावयाचे. ना डिंक, ना खिळा. साटा, जू, दांड्या, चाके, सारे काही त्यातच. ज्या मुलाने अशी गाडी केली आहे त्यास सुटे भाग व जोडणी ही कल्पना निराळी शिकवावी लागत नाही.

मुखेड तालुक्यातील एका शाळेच्या भेटीत एका विद्यार्थ्याने केलेला ट्रॅक्टर पाहण्यात आला. मुलगा ऊसतोडीच्या हंगामात आईवडिलांबरोबर चार महिने बाहेर राहून परतलेला. हजेरीपटावर त्याच्या नावापुढे गैरहजेरीची लांबलचक रांग होती, व वर्गात तो मागे पडलेला समजला जात होता. त्याने धाटांचा ट्रॅक्टर व त्यामागे उसाच्या दोन ट्रॉल्या केल्या होत्या. वर्गातील इतरांच्या पुठ्ठ्याच्या गाड्या दिसण्यास अधिक देखण्या होत्या. परंतु दोरीने ओढून वळविताच ट्रॉली आडवी होऊन पडे. याच्या ट्रॉल्या मात्र ट्रॅक्टरच्या मागोमाग वळत. कारण जोडाच्या ठिकाणी त्याने बाभळीचा काटा उभा खोचून त्याभोवती आकडा सैल ठेवला होता. “पिन घट्ट बसविली तर उलटते, साहेब,” एवढेच त्याने सांगितले. त्याने ते पाहिलेले होते. उणीव एकच होती, ती म्हणजे ट्रॉलीची चाके ट्रॅक्टरच्या मागील चाकांहून मोठी झाली होती. त्यास गावातील ट्रॅक्टर मोजून आणण्यास सांगितले, तेव्हा तो दुसऱ्या दिवशी वीतभर कागदावर अकरा मापे घेऊन आला. त्या अकरा मापांना वीसने भागण्याचे काम त्याने त्याच वर्गात, फळ्याजवळ उभे राहून केले. त्यानंतर भागाकारात त्याची गती किती वाढली ते त्या शाळेचे गुरुजीच अधिक चांगले सांगू शकतील. परंतु भागाकार कशासाठी करावयाचा हे त्यास त्या दिवशी कळले, याविषयी शंका नाही.

पाठाचा प्रारंभ अशा रीतीने मोजणीपासूनच व्हावा. गावात उभी असलेली ऑटोरिक्षा, जीप, ट्रॅक्टर, पाण्याचा टँकर यांपैकी एक वाहन निवडावे व मालकाची परवानगी घेऊन, वाहन बंद असताना, शिवणकामाच्या फितीने त्याची मापे घ्यावीत. लांबी, रुंदी, उंची, चाकाचा व्यास आणि दोन आसांमधील अंतर, इतकी मापे पहिल्या खेपेस पुरेत. समजा, रिक्षा २६४ सेंटिमीटर लांब, १३० रुंद व १७० उंच भरली. १ : २० प्रमाणात ही मापे अनुक्रमे १३.२, ६.५ व ८.५ सेंटिमीटर होतात. ती चौकटीच्या कागदावर काढावीत : बाजूचे चित्र, समोरचे चित्र व वरून दिसणारे चित्र. ही तीन चित्रे एकमेकांशी जुळल्याखेरीज कात्री हाती देऊ नये.

येथे अनुभवी शिक्षकाची कसोटी लागते, ती चाकांपाशी. मुले बहुधा पाण्याच्या बाटलीची बुचे चाके म्हणून घेतात. बुचाचा व्यास सुमारे ३ सेंटिमीटर असतो. मालमोटारीचे चाक टायरसह सुमारे १०५ सेंटिमीटर व्यासाचे असते. तेव्हा बूच हे त्याच्या ३५ वा हिस्सा झाले. धड १ : २० चे व चाके १ : ३५ ची, अशी गाडी पाहताच काहीतरी बिघडले आहे असे डोळ्यांस जाणवते, पण काय ते सांगता येत नाही. मुलांस ते गणिताने सांगता यावे, हाच या पाठाचा गाभा होय. १ : २० साठी चाक सव्वापाच सेंटिमीटरांचे हवे. जुन्या रबरी चपलेच्या तळव्यातून ते वर्तुळ काढून कापता येते, आणि आपल्या खेड्यांतील मुले अशी चाके पूर्वापार करीत आली आहेत.

आता पाण्याच्या टँकरचे उदाहरण घेऊ. लातूरच्या मुलांस ते निराळे समजावून सांगण्याची गरज नाही. १०,००० लिटरची टाकी सुमारे १८० सेंटिमीटर व्यासाची व ४०० सेंटिमीटर लांबीची धरली, तर १ : २० प्रमाणात ती ९ सेंटिमीटर व्यासाची व २० सेंटिमीटर लांबीची होते. तिच्यात पाणी किती मावेल, असे विचारल्यास बहुतेक मुले १०,००० ला २० ने भागून ५०० लिटर असे उत्तर देतील. ते खोडून न काढता प्रतिकृती त्यांच्या हाती द्यावी, म्हणजे उत्तराचा फोलपणा आपोआप दिसेल. लांबी वीस पटीने, रुंदी वीस पटीने व उंचीही वीस पटीने कमी झाली, म्हणून आकारमान २० × २० × २०, म्हणजे ८,००० पटीने कमी झाले. १०,००० भागिले ८,००० म्हणजे सव्वा लिटर. थंड पेयाची सव्वा लिटरची रिकामी बाटली आडवी ठेवली की १०,००० लिटरचा टँकर जवळजवळ तयार झाला! घनमापाचा हा नियम फळ्यावर दहा वेळा लिहून जो ठसत नाही, तो या एका बाटलीने ठसतो. पुढे घागरीचा हिशेब करावा. १५ लिटरच्या घागरी धरल्या तर एका टँकरमध्ये ६६६ घागरी भरून १० लिटर पाणी उरते. आणि त्याच प्रमाणातील घागरीत दोन मिलिलिटरही पाणी मावणार नाही. १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून ‘जलदूत’ गाडीने लातुरास पहिल्या खेपेत १० वाघिणींतून ५ लाख लिटर पाणी आणले. ते अशा किती टँकरांचे पाणी झाले, हे उत्तर मुलांनी स्वतः काढावे. ज्यांच्या घरच्या मंडळींनी त्या उन्हाळ्यात घागरी घेऊन रांगा धरल्या, त्या घरांतून या प्रश्नाचे आणखी काही उत्तर येईल; तेही वहीत लिहून घ्यावे.

जाता जाता आणखी एक. मिरज-लातूर हा मार्ग पूर्वी बार्शी लाइट रेल्वेचा होता व त्याच्या रुळांतील अंतर २ फूट ६ इंच, म्हणजे ७६२ मिलिमीटर होते. आजच्या रुंद मार्गाचे अंतर १६७६ मिलिमीटर आहे. १ : २० प्रमाणात ही अंतरे ३.८ व ८.४ सेंटिमीटर होतात. वर्गाच्या फरशीवर खडूने दोन्ही मार्ग शेजारी शेजारी आखावेत, म्हणजे अशी पाण्याची गाडी त्या जुन्या मार्गावरून का येऊ शकली नसती, याचा विचार मुले आपण होऊन करू लागतील.

एक प्रतिकृती सिद्ध झाल्यावर तीत फेरबदल करण्यास मुलांस उत्तेजन द्यावे. हा भाग केवळ हौसेचा नव्हे. राज्य परिवहन महामंडळ कारखान्यांकडून सांगाडा, म्हणजे चौकट, यंत्र व चाके एवढेच घेऊन त्यावर गाडीचा वरील भाग आपल्या कार्यशाळांत बांधीत आले. त्यांपैकी एक कार्यशाळा मराठवाड्यातच, चिकलठाणा येथे आहे. चौकट तीच ठेवून वर प्रवासी गाडी बसविता येते, टाकी बसविता येते, रुग्णवाहिकेचा डबा बसविता येतो. वर्गात चार गटांनी एकाच मापाच्या चार चौकटी करून त्यांवर चार निरनिराळे भाग बांधावेत व ते अदलाबदल करून पाहावेत. भाग एकमेकांच्या चौकटीवर न बसल्यास कोणाचे माप चुकले, याचा शोध मुले जितक्या चिकाटीने घेतात तितकी चिकाटी उदाहरणसंग्रहापुढे क्वचितच दिसते.

साहित्याविषयी थोडे सांगणे अवश्य आहे. संचांतील प्लॅस्टिक पॉलिस्टायरिन जातीचे असते. त्याचा विशिष्ट डिंक दोन्ही कडा किंचित विरघळवितो व त्या एकजीव होतात. बाटल्या व बुचे यांचे प्लॅस्टिक निराळे असल्याने त्यांवर तो डिंक चालत नाही. पांढरा लाकडी डिंकही त्यांस धरत नाही, कारण तो पाणी शोषणाऱ्या कागद-लाकडासाठी आहे. म्हणून बाटली व बुचे तारेने वा दोऱ्याने बांधावीत, आणि चौकट पुठ्ठ्याची किंवा बांबूच्या कामट्यांची करून तेथे डिंक वापरावा. आस म्हणून सायकलच्या चाकाची जुनी तार उत्तम. तापविलेल्या तारेने भोके पाडावयाची झाल्यास ते काम शिक्षकांनी स्वतः व उघड्यावर करावे. पाते मुलांच्या हाती देऊ नये. उरलेले प्लॅस्टिक जाळू नये. थर्माकोल टाळावा, २०१८ च्या राज्य अधिसूचनेने त्याच्या सजावटीस बंदी केली आहे, आणि तसेही त्यावर माप सुबक राहत नाही.

प्रदर्शनात अशा प्रतिकृती मांडताना शेजारी मोजणीची वही उघडी ठेवावी. शहरातील दुकानातून करवून आणलेल्या चकचकीत वस्तूंस पारितोषिक मिळते व स्वतः केलेली ओबडधोबड गाडी कोपऱ्यात राहते, अशी तक्रार पुष्कळ शिक्षक-भगिनी करतात आणि ती खरी आहे. परीक्षकांनी वहीतील कोणतेही एक माप निवडून प्रतिकृतीवर पट्टी लावावी, त्या मापास प्रमाणांकाने गुणावे, व उत्तर वहीतील खऱ्या मापाशी ताडून पाहावे. फरक पडल्यास तो का पडला, हे विद्यार्थ्यास विचारावे. त्यास दोन मिनिटे पुरतात.