मुलगा की मुलगी? : उंदराची साक्ष

(द्वितीय वर्ष, कला)

सुनेला दुसरीही मुलगी झाली की दोष कोणाच्या पदरी पडतो, हे खानदेशातील वाचकांना सांगावयास नको. नवस, अंगारे, झाडपाल्याची औषधे, सारे उपाय तिच्यावरच होतात. २०११ च्या जनगणनेत जळगाव जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलांमागे मुली केवळ ८४२ होत्या. महाराष्ट्राचे प्रमाण ८९४ होते. या आकड्यांमागे मुलाचा हव्यास आहे आणि हव्यासाच्या पोटात ही चुकीची समजूतही आहे. म्हणून हा विषय केवळ शास्त्र शाखेचा नाही, आपणा कला शाखेच्या विद्यार्थ्यांचाही आहे. आणि या खटल्यातील महत्त्वाचा साक्षीदार आहे एक उंदीर!

प्रथम मूळ गोष्ट पाहू. माणसाच्या पेशीत गुणसूत्रांच्या २३ जोड्या असतात. त्यांपैकी एका जोडीत स्त्रीची दोन्ही गुणसूत्रे ‘एक्स’ असतात, तर पुरुषाचे एक ‘एक्स’ व एक ‘वाय’ असते. अर्थात आईच्या बीजांडातून एक्सच येते. पित्याच्या शुक्राणूंपैकी साधारण निम्म्यांत एक्स व निम्म्यांत वाय असते. धान्या-पिठात होणाऱ्या एका भुंगेऱ्याच्या अभ्यासातून नेटी स्टीव्हन्स या अमेरिकन विदुषीने १९०५ मध्येच या दोन गुणसूत्रांचा आणि लिंगाचा संबंध दाखवून दिला होता.

परंतु वाय गुणसूत्रावरील नेमके कोणते जनुक हे काम करते? गर्भाची जननग्रंथी आरंभी नर-मादीत सारखीच दिसते. पुढे तिचे वृषण तरी होते किंवा बीजांडकोश तरी. हे वळण देणारे जनुक १९९० मध्ये लंडनमधील पीटर गुडफेलो, रॉबिन लव्हेल-बॅज, अँड्र्यू सिंक्लेअर आदी संशोधकांनी शोधले. त्याचे नाव ‘एसआरवाय’.

मात्र जनुक सापडणे निराळे आणि ते पुरेसे आहे हे सिद्ध करणे निराळे. असा प्रयोग माणसावर करता येत नाही व करूही नये. येथे उंदीर उपयोगी पडतो. माणसाच्या बहुतेक जनुकांची जोड त्याच्यात सापडते, मादी सुमारे तीन आठवड्यांत वीते आणि पिले दोनेक महिन्यांत वयात येतात.

पीटर कूपमन, लव्हेल-बॅज व सहकाऱ्यांनी उंदराच्या फलित बीजांडात अतिसूक्ष्म काचेच्या सुईने हे जनुक असलेला डीएनएचा तुकडा सोडला आणि ती बीजांडे दुसऱ्या माद्यांच्या पोटात वाढविली. १९९१ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला. दोन एक्स गुणसूत्रे असूनही, म्हणजे जी मादी व्हावयाची, त्यांतील काही पिले नर झाली! सर्वच झाली नाहीत, आणि वाढलेला नर वांझ होता; कारण शुक्राणू तयार होण्यास वायवरील इतरही जनुके लागतात.

केळीच्या बागेला पाणी देताना आपण मोटरीचे बटण दाबतो. पाणी सुरू होते ते बटणामुळे, पण झाडापर्यंत पोहोचते ते मोटर, पाइप व ठिबकच्या नळ्या या साऱ्यांमुळे. एसआरवाय हे बटण आहे. ते दाबले गेले की ‘सॉक्स-९’ हे दुसरे जनुक कामाला लागते आणि वृषण घडू लागते.

उलट दिशेचाही प्रयोग आहे. जनुक घालण्याऐवजी ते निकामी करावयाचे व काय बिघडते ते पाहावयाचे. असे उंदीर तयार करण्याची वाट दाखविल्याबद्दल कापेची, इव्हान्स व स्मिथीज यांना २००७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. या पद्धतीने एक जुना समज मोडला. बटण दाबले नाही की आपोआप मादी होते, त्यासाठी विशेष काही लागत नाही, असे पूर्वी मानीत. २००९ मध्ये प्रौढ मादी उंदरांतील ‘फॉक्स-एल-२’ हे जनुक निकामी केले, तेव्हा बीजांडकोशातील पेशी वृषणातील पेशींसारख्या होऊ लागल्या. म्हणजे स्त्रीत्व हे काहीतरी उणे राहिल्याने उरलेले नाही. ते घडवावे लागते आणि जन्मभर राखावेही लागते.

आपल्या महाराष्ट्रातही हे शास्त्र परके नाही. मुंबईत परळ येथे १९७० पासून प्रजननविषयक संशोधनाची राष्ट्रीय संस्था आहे. १९८६ मध्ये केईएम रुग्णालयात ‘हर्षा’ ही परीक्षानळीतील बालिका जन्मली, त्यात डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्याबरोबर या संस्थेचा वाटा होता. गर्भाशयाच्या घडणीतील ‘होक्स-ए-१०’ या जनुकावर तेथे संशोधन झाले आहे. हे जनुक निकामी केलेल्या मादी उंदरांत गर्भाशयाचा वरचा भाग बीजवाहिनीसारखा होतो व गर्भ टिकत नाहीत, हे परदेशात १९९५ मध्ये दिसले होते. मूल न होणाऱ्या स्त्रीला ‘वांझ’ म्हणून हिणविण्यापूर्वी एवढे तरी ध्यानात घ्यावे.

मग दोष पित्याचा का? तसेही नाही. कोणता शुक्राणू बीजांडापर्यंत पोहोचेल, हे पिता ठरवीत नाही. एकाची निंदा सोडून दुसऱ्याची धरावी, असे विज्ञान सांगत नाही. निंदा करण्याजोगे येथे काही घडलेलेच नाही, एवढेच ते सांगते. मित्रमैत्रिणींनो, ही गोष्ट परीक्षेत कोणी विचारणार नाही; पण ती आपल्या घरी, ओट्यावर बसलेल्या मंडळींना समजेल अशा भाषेत सांगणे आपल्या हाती आहे.