डब्यावरची खूण आणि ‘क्लाउड’चा हिशेब

वांद्रे स्टेशनाबाहेर डबेवाल्यांची लगबग तुम्ही पाहिली असेल. डबे दिसायला सारखेच. पण प्रत्येकाच्या झाकणावर काही अक्षरे व आकडे रंगवलेले असतात. डबा कोठून निघाला, कोणत्या स्टेशनावर उतरवायचा, कोणत्या इमारतीत, कितव्या मजल्यावर, हे त्या खुणेवरून कळते. सुमारे १८९० पासून चालत आलेली ही सेवा या खुणांवर उभी आहे. वाटेत डबा अनेकांच्या हातांतून जातो. खूण मात्र तीच राहते.

संगणकाच्या जगातही हीच युक्ती वापरतात. ‘क्लाउड’ या शब्दाचा अर्थ ढग. प्रत्यक्षात मात्र ते मोठमोठ्या इमारतींत मांडलेले असंख्य संगणक असतात आणि ते भाड्याने मिळतात. अॅमेझॉन वेब सर्व्हिसेस या कंपनीने २०१६ मध्ये आपला मुंबई विभाग सुरू केला. भाड्याची आकारणी विजेच्या बिलासारखी असते: जितका वापर, तितके पैसे.

समजा, एका शाळेची अशी तीन खाती आहेत. महिन्याचे बिल अनुक्रमे ५,०००, ४,००० व ३,००० रुपये, म्हणजे एकूण १२,००० रुपये आले. शाळेचे पावसाच्या नोंदींचे आणि ग्रंथालयाचे काम तिन्ही खात्यांत विखुरलेले आहे. मग पावसाच्या कामावर किती खर्च झाला? नुसत्या बिलावरून उत्तर मिळणार नाही.

यासाठी प्रत्येक संगणकाला व साठवणीच्या जागेला ‘टॅग’ लावतात. टॅगचे दोन भाग असतात: नाव आणि मूल्य. उदाहरणार्थ, ‘प्रकल्प = पाऊस’. मुख्य खात्यातून हा टॅग हिशेबासाठी चालू केला, की तिन्ही खात्यांतला खर्च टॅगप्रमाणे एकत्र मांडता येतो:

पाऊस : ४,७२० रुपये
ग्रंथालय : ४,४०० रुपये
टॅग नसलेला : २,८८० रुपये
एकूण : १२,००० रुपये

तिसऱ्या ओळीकडे नीट पाहा. खर्चाचा २४ टक्के भाग बेवारस आहे! तासाला १० रुपये भाड्याचा एकच संगणक कोणी १२ दिवस बंद करायला विसरला, तरी १२ × २४ × १० = २,८८० रुपये होतात. टॅग असता, तर कोणाला विचारायचे ते लगेच कळले असते.

मात्र टॅग स्वतः काहीच वाचवत नाही. तो फक्त दाखवतो. बंद करण्याचे काम माणसाचे. शिवाय एकाने ‘पाऊस’ व दुसऱ्याने ‘पाउस’ लिहिले, तर यंत्र ते दोन वेगळे प्रकल्प समजते. म्हणून नावे आधी ठरवून, संगणक घेतानाच टॅग लावावा. डबा गाडीत चढल्यावर खूण रंगवून काय उपयोग?

करून पाहा : घरच्या महिन्याच्या खर्चाच्या प्रत्येक नोंदीपुढे ‘कशासाठी’ आणि ‘कोणासाठी’ अशा दोन खुणा लिहा. महिनाअखेर प्रत्येक खुणेची बेरीज करा. खूण नसलेली रक्कम किती उरली? तिचा शोध आधी घ्या.