मोबाईल, मोटार आणि मोबदला

वाहनकर्जाच्या फाइलीत विमापत्राची प्रत असते. तारण सुरक्षित राहावे, हा त्यामागील हेतू. त्या तारणाचे स्टिअरिंग ज्याच्या हाती आहे, तो माणूस सुरक्षित कसा राहील, हा प्रश्न मात्र फाइलीत कोठेच नोंदविलेला नसतो. २०२२ या एका वर्षात भारतातील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली आणि त्यांतील सुमारे ७१ टक्के मृत्यूंमागे अतिवेग हे कारण नोंदले गेले.

कायदा कठोर आहे. मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीनुसार वाहन चालविताना हातात मोबाईल धरून बोलणे हे धोकादायक वाहनचालन ठरते. पहिल्याच गुन्ह्यास एक हजार ते पाच हजार रुपये दंड अथवा कारावास होऊ शकतो. परंतु प्रत्येक वळणावर पोलीस उभा नसतो. दंड मोठा असला, तरी तो होईलच याची खात्री नसल्याने चालकाच्या मनावर त्याचा धाक टिकत नाही.

जो मोबाईल चालकाचे लक्ष विचलित करतो, त्यालाच पहारेकरी नेमण्याची कल्पना येथूनच पुढे आली. स्मार्टफोनमध्ये गतीतील बदल टिपणारे, फोन कोणत्या दिशेने वळला हे ओळखणारे संवेदक असतात, जीपीएस असते. वेग किती होता, ब्रेक किती जोरात दाबला, वळण कसे घेतले, गाडी चालू असताना फोन हाताळला काय, या साऱ्याची नोंद वेगळे यंत्र न बसविता होते. प्रवास संपला की चालकाला गुण दिसतात.

पण नुसते प्रगतिपुस्तक दाखवून माणूस सुधारतो काय? अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या संशोधकांनी एका मोटार विमा कंपनीच्या ग्राहकांवर याचाच प्रयोग केला. त्याचे निष्कर्ष २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. ग्राहकांचे गट पाडून काहींना केवळ त्यांच्या फोनवापराची माहिती दिली गेली. काहींना माहितीबरोबर सात आठवड्यांच्या अखेरीस एकरकमी ५० डॉलरपर्यंत बक्षीस देऊ केले. तिसऱ्या गटासाठी तेवढीच रक्कम आठवड्यागणिक विभागली आणि ‘ही रक्कम तुमचीच आहे, चुकलात तर गमवाल’ अशा रीतीने ती मांडली. पहिल्या दोन गटांत म्हणण्यासारखा फरक पडला नाही. तिसऱ्या गटात हातातील फोनचा वापर सुमारे १५ टक्क्यांनी घटला. याच पद्धतीने रक्कम दुप्पट केली, तेव्हा घट साधारण पाचव्या हिश्शापर्यंत गेली. रक्कम तीच, फरक पडला तो ती केव्हा आणि कोणत्या शब्दांत दिली यामुळे.

बँकेच्या काउंटरवर बसणाऱ्यास याचे नवल वाटू नये. बचत खात्यात जमा झालेल्या व्याजाची चौकशी क्वचितच कोणी करतो. एसएमएस शुल्कापोटी कापलेल्या काही रुपयांसाठी मात्र ग्राहक पासबुक घेऊन हजर होतो. लाभाच्या आनंदापेक्षा तेवढ्याच हानीचे दुःख अधिक असते, हे डॅनियल कानमन व एमोस ट्वर्स्की यांनी १९७९ मध्ये सिद्धान्तरूपाने मांडले होते.

या कसोटीवर आपल्याकडील ‘नो क्लेम बोनस’ तोकडा पडतो. पहिल्या वर्षी २० टक्के आणि चढत्या क्रमाने ५० टक्क्यांपर्यंत मिळणारी ही सवलत वर्षातून एकदाच, नूतनीकरणाच्या वेळी पदरी पडते. शिवाय ती दावा न करण्याबद्दल असते, नीट गाडी चालविण्याबद्दल नव्हे! विमा नियामक प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये ‘पे हाऊ यू ड्राइव्ह’, म्हणजे ‘जशी चालवाल तसा हप्ता’, या पूरक संरक्षणास अनुमती दिली, हे म्हणूनच महत्त्वाचे पाऊल होय.

तथापि ही सोय केवळ स्वतःच्या वाहनाच्या नुकसानीपुरती आहे. त्रयस्थ पक्ष विम्याचा मूळ हप्ता सरकार ठरविते. चालकाच्या गुणांचा त्याच्याशी संबंध नाही. ज्याने दुचाकीसाठी केवळ हा सक्तीचा विमा घेतला आहे, त्याला या सवलतीचा काहीच उपयोग नाही. आणि २०२२ मधील रस्ते अपघातांतील मृतांत सुमारे ४४ टक्के दुचाकीस्वार होते. ज्यांना गरज सर्वाधिक, त्यांच्यापर्यंतच प्रलोभन पोहोचत नाही, ही या योजनेची खरी उणीव होय.

मोजमापही निर्दोष नाही. रस्त्यावर अचानक धावलेल्या मुलाला वाचविण्यासाठी दाबलेला ब्रेक आणि बेफिकिरीने दाबलेला ब्रेक फोनला सारखेच दिसतात. शेजारी बसलेल्याने चालकाचा फोन हाताळला, तरी गुण चालकाचेच जाऊ शकतात. आपण कोठे, केव्हा गेलो ही माहितीही कंपनीच्या हाती जाते. असे संरक्षण घेणाऱ्याने ही माहिती किती काळ ठेवली जाईल, ती अन्य कोणास दिली जाईल काय आणि कमी गुण मिळाल्यास हप्ता वाढेल की फक्त सवलत हुकेल, हे तीन प्रश्न विमापत्रावर स्वाक्षरी करण्यापूर्वी लेखी विचारून घ्यावेत.