टेलगेट काढण्याआधी

अगं, पिकअपच्या बेडमध्ये कॅम्पर बसवायचा म्हणजे आधी टेलगेट काढावं लागतं. टेलगेट निघालं की त्याच्या हँडलपाशी असलेला कंपनीचा कॅमेराही गेला. रिव्हर्स टाकलास की डॅशवर नुसता काळा पडदा. बरेच जण म्हणतात, आरसे आहेत की मोठे! पण आरशांत फक्त बाजू दिसतात. मधल्या आरशात कॅम्परची भिंत, आणि त्या भिंतीच्या बरोबर मागे काय आहे ते कुठेच नाही. त्यात कॅम्पर बेडच्या मागे दोन-चार फूट बाहेर आलेला असतो, म्हणजे गाडी कुठे संपते याचा तुझ्या अंगवळणी पडलेला अंदाजही चुकणार. म्हणून मामाचं पहिलं सांगणं हे, की कॅमेरा चालू होईपर्यंत कॅम्पर घेऊन घराबाहेर पडायचं नाही.

अमेरिकेत मे 2018 पासून 10,000 पौंडांपर्यंतच्या प्रत्येक नव्या गाडीला मागचा कॅमेरा सक्तीचा आहे. गाडीमागची 10 फूट रुंद आणि 20 फूट लांब जागा त्यात दिसलीच पाहिजे असा नियम आहे. ज्या कायद्यातून हा नियम आला त्यावर 2008 मध्ये सही झाली, आणि त्या कायद्याला एका दोन वर्षांच्या मुलाचं नाव आहे. घरासमोर गाडी मागे घेताना त्याच्या वडिलांना तो दिसला नव्हता. कॅम्परवर असा कॅमेरा बसवून देण्याचं बंधन कुणावर नाही. ते तुलाच करायचं आहे, आणि कॅम्पग्राउंडवर तर चारही बाजूंना मुलं सायकली फिरवत असतात.

आता कॅमेरा कुठला घ्यायचा. वायरलेसच्या मोहात लगेच पडू नकोस. वायरलेस म्हणजे फक्त चित्र हवेतून येतं. कॅमेऱ्याला वीज लागतेच, आणि ती बहुधा वायरनेच न्यावी लागते. पुढे कधी तीस फुटी ट्रेलर ओढायला घेतलास तर डिजिटल वायरलेस जरूर घे, कारण तिथे वायर ओढणं जिकिरीचं असतं. जुन्या पद्धतीचा अॅनालॉग मात्र कुणी फुकट दिला तरी नको. शेजारच्या गाडीचं वायफाय चालू असलं तरी त्याचं चित्र फाटतं. तुझा कॅम्पर ट्रकच्या पाठीवरच बसणार, अंतर थोडं, आणि तो काढायचा तो हंगाम संपल्यावर. अशा ठिकाणी मी वायरचाच कॅमेरा लावतो. मध्ये एक स्क्रूने आवळायचा पाणीरोधक जोड ठेवायचा, म्हणजे कॅम्पर उतरवताना वायर सुटी होते. टेलगेटचा कंपनीचाच कॅमेरा जास्तीची वायर जोडून कॅम्परच्या पाठीवर नेणारेही आहेत. तुझ्या मॉडेलसाठी तयार वायर मिळत असेल तर तोही मार्ग चांगला, कारण चित्र थेट गाडीच्या स्वतःच्या पडद्यावर येतं.

वीज कुठून घ्यायची, इथे मात्र घाई करू नकोस. बहुतेकांचा कॅमेरा बंद पडतो तो इथेच.

सोपा रस्ता म्हणजे रिव्हर्सच्या दिव्यातून घेणं. रिव्हर्स टाकला की कॅमेरा सुरू. ट्रकची वीज मागे नेणाऱ्या सात पिनांच्या प्लगमधला मधला संपर्क बहुधा रिव्हर्सचाच असतो. पण वायरच्या रंगावर कधी विसंबू नकोस. कॅम्पर आणि ट्रेलर बनवणाऱ्यांची रंगांची रीत एक, ट्रकवाल्यांची दुसरी. एका रीतीत पिवळी वायर रिव्हर्सची असते, दुसरीत तीच डाव्या वळणाची. मल्टिमीटर लाव, कुणाला तरी आत बसवून एकेक दिवा लावायला सांग, आणि प्रत्येक वायरवर कागदी टेप चिकटवून नाव लिही. काही कॅम्परवर वरच्या लाल दिव्यांपाशी कॅमेऱ्यासाठी वायर आधीच काढून ठेवलेली असते. ती बहुधा त्या दिव्यांच्याच विजेवर चालते, म्हणजे भर दुपारीसुद्धा गाडीचे दिवे लावल्याशिवाय कॅमेरा दिसणार नाही. हे माहीत नसलं की माणूस चांगला कॅमेरा खराब समजून परत करून येतो.

मला विचारशील तर किल्ली फिरवली की चालू आणि किल्ली काढली की बंद, अशा फ्यूजवरून वीज घे. मग कॅमेरा रस्त्यावरही चालू राहतो. आय-70 हायवेवरून डोंगर उतरताना मागे कोण किती जवळ आलंय हे कळणं रिव्हर्सइतकंच मोलाचं आहे, कारण तुझा मधला आरसा तर आंधळाच आहे. पडद्याला एक बारीक वायर वेगळी असते, ती रिव्हर्सच्या दिव्याला जोड. म्हणजे रिव्हर्स टाकताच मागचं चित्र आपोआप समोर येईल. फ्यूज विजेच्या उगमाजवळच हवा, वायरच्या दुसऱ्या टोकाला असून उपयोग नाही. किती अँपिअरचा ते कॅमेऱ्याच्या पुस्तिकेत पाहून घाल, आणि तसेच दोन ग्लोव्हबॉक्समध्ये टाक.

अर्थिंगची वायर कॅम्परच्या पत्र्याला लावून मोकळी होऊ नकोस. आतला सांगाडा लाकडाचा असू शकतो, वरचं आवरण फायबरचं असू शकतं. वीज परत कुठून येणार? दोन्ही वायरी जोडीने थेट ट्रकपर्यंत आण.

कोलोरॅडोत हिवाळ्यात रस्त्यावर मॅग्नेशियम क्लोराइड फवारतात. ते हवेतली ओल धरून ठेवतं आणि तांबं खातं. गाडीखालचा प्रत्येक जोड हा त्याचा घास आहे असं धरून चाल. वायरीवर नुसते दाबून बसवायचे निळे प्लास्टिकचे चिमटे मिळतात, ते अजिबात वापरू नकोस; ते वायरीचं आवरण फाडतात आणि तिथूनच गंज शिरतो. पक्कडीने नीट क्रिम्प कर, वर आतून गोंद असलेली हीट श्रिंक नळी चढव, आणि प्लगच्या तोंडाशी डायइलेक्ट्रिक ग्रीस लाव. कॅम्पर उतरवलेला असेल तेव्हा उघड्या प्लगला टोपी हवीच.

भिंतीला भोक पाडायची वेळ आली तर थांब आणि आधी बघ, वरच्या दिव्याच्या मागच्या भोकातून वायर नेता येते का. कॅम्परचा खरा शत्रू पाणी. भिंतीत शिरलेलं पाणी बाहेरून दिसेपर्यंत आतलं लाकूड कुजलेलं असतं. भोक पाडायचंच असेल तर आतून बाहेर किंचित उताराचं पाड, कडेला रबरी ग्रॉमेट बसव, कॅमेऱ्याच्या पट्टीमागे ब्यूटाइल टेप लाव. वायरीला भोकाच्या खाली एक झोळ ठेव, म्हणजे पाणी झोळाच्या टोकाला ठिबकेल, आत वाहणार नाही. छप्पर रबराचं असेल तर त्यावर सिलिकॉन लावू नकोस, पुढच्या वेळी त्यावर दुसरं काहीच चिकटत नाही. छपराचं सीलंट वेगळं मिळतं, तेच घे.

जागा मधोमध, दाराच्या वर. चित्राच्या खालच्या कडेला तुझी स्वतःची पायरी किंवा बंपर दिसलाच पाहिजे. आपल्या गाडीची कडा दिसत नसेल तर मागच्या खांबापासूनचं अंतर कशावरून मोजणार? चित्र आरशासारखं उलटं आहे ना, हेही तपास. कुणाला तरी गाडीच्या उजव्या कोपऱ्याशी उभं कर. तो पडद्यावर उजवीकडेच दिसायला हवा. उलट दिसला तर सेटिंग बदल.

पडद्यावरच्या हिरव्या-पिवळ्या-लाल रेघांवर लगेच विश्वास ठेवू नकोस. त्या वेगळ्या उंचीच्या गाडीसाठी आखलेल्या असतात, आणि रुंद भिंगात सगळंच आहे त्याहून लांब दिसतं. कॅम्पर चढवून, पाण्याची टाकी भरून, सामान टाकून मग ड्राइव्हवेवर 3, 6 आणि 10 फुटांवर खडूने रेघा मार आणि पडद्याच्या कडेला त्या जागी बारीक टेप लाव. रिकाम्या गाडीवर हे करू नकोस. वजन आलं की मागचा भाग खाली बसतो आणि कॅमेऱ्याचा कोन बदलतो.

भिंग पुसायला पाण्याची बाटली आणि मऊ फडकं मागच्या दाराशीच ठेव. युटातल्या मोआबच्या मातीच्या रस्त्यांवर तासाभरात भिंगावर थर बसतो. कोरडं फडकं घासलंस तर ओरखडे पडतील.

आणि चालवताना: कॅमेरा खाली बघतो. पाइनच्या फांद्या आणि तुझ्या छतावरचा एसी यांच्यातलं अंतर त्याला कधीच दिसणार नाही. इथल्या ट्रकवाल्यांचा नियमच आहे, गेट आउट अँड लुक. उतरायचं, मागे चालत जायचं, वर बघायचं, मग गाडी हलवायची. आपल्याकडे ट्रक मागे घेताना क्लीनर खाली उतरतो, ‘येऊ द्या, येऊ द्या’ म्हणतो आणि पत्र्यावर थाप मारून थांबवतो. ते काम जावईबापूंना दे. खिडक्या उघड्या, गाणी बंद, दोघांच्या फोनवर कॉल चालू. ते आरशात दिसेनासे झाले की ब्रेक दाबायचा, पडदा कितीही मोकळा दिसत असला तरी. आणि थांबण्याचा एकच शब्द घरीच ठरवा. ऐनवेळी ‘अरे अरे अरे’ ऐकून कुणाला काय कळणार?

क्रिम्पिंगची पक्कड आणि मल्टिमीटर विकत घेऊ नकोस, माझ्याकडे आहेत. शनिवारी सकाळी ट्रक घेऊन ये, ऊन असताना वायरी ओळखून घेऊ. कॅमेरा मात्र त्याआधी मागवून ठेव, आणि वायर जरा जास्तच लांबीची घे.