दापोलीत दोन दिवस: खिशाला किती पडतं?

भाचीला दापोलीच्या कृषी महाविद्यालयात प्रवेश मिळाला, तेव्हापासून माझ्या तिकडे पाच खेपा झाल्या. पहिल्या खेपेला मी सगळ्यांसारखाच चुकलो आणि समुद्राला लागून खोली घेतली. वार शनिवार. दोघांच्या खोलीचे साडेतीन हजार मोजले, सकाळच्या चहाचे पैसे वेगळे लावले गेले आणि गावात यायचं तर रिक्षाशिवाय इलाज नव्हता. भाचीची घरी राहिलेली उशी हॉस्टेलवर पोचवायला जाऊन-येऊन सहाशे रुपये गेले. उशी अडीचशेची होती. त्या दिवसापासून मी वहीत हिशेब लिहितो. खाली दिलेले खर्चाचे आकडे त्याच वहीतले, गोल केलेले. मे महिन्यात आणि नाताळच्या आठवड्यात ते सरळ दीडपट धरा.

मुख्य सल्ला आधीच सांगून टाकतो: मुक्काम दापोली गावात करा, किनाऱ्यावर नको. दापोली समुद्रावर नाही. ती वर, साधारण आठशे फुटांवर, जांभ्या दगडाच्या सड्यावर बसली आहे. मुरुड, कर्दे, हर्णै, आंजर्ले, दाभोळ या सगळ्यांना जाणारे रस्ते इथूनच फुटतात आणि एसटीही इथूनच सुटते. मुरुडात राहिलात तर मुरुड फुकट पडतं, बाकी सगळं महाग. दापोलीत राहिलात तर हर्णैचं तिकीट तीसेक रुपये. स्टँडजवळ साध्या, स्वच्छ लॉजची दोघांची खोली आठशे ते बाराशेत मिळते. समुद्राची गाज रात्री ऐकू येणार नाही, हे खरं. तीच हवी असेल तर दोनांपैकी एक रात्र खाली काढा, आणि ती रविवार ते गुरुवार यांतली निवडा. शनिवारी साडेतीन हजाराला मिळणारी खोली मंगळवारी पंधराशेला मिळते, आणि मालक गप्पाही मारतो.

येण्याचा खर्च. पुण्याहून एसटीच्या साध्या गाडीने माणशी सव्वातीनशेच्या आसपास, मुंबईहून चारशेच्या आसपास. मार्च २०२३ पासून महिलांना अर्धं तिकीट आहे, ६५ ते ७५ वयाच्यांनाही अर्धं आणि ७५ च्या पुढे काहीच नाही. म्हणजे आईला आणि आजीला घेऊन निघालात तर सगळ्यात महाग प्रवासी तुम्हीच. रेल्वेने यायचं तर स्टेशन खेड. तिथून दापोली तीसेक किलोमीटर, एसटीने पन्नासच्या आसपास. मात्र खेडचं स्टेशन आणि खेडचा एसटी स्टँड एका जागी नाहीत, मधल्या रिक्षाचे पैसे धरून ठेवा. रात्रीच्या गाडीने पहाटे उतरलात तर दापोलीपर्यंतची रिक्षा सात-आठशे मागते. उजाडेपर्यंत स्टेशनवर चहा घेत बसलं तर हे पैसे वाचतात.

आता गाव. इंग्रजांनी इथे लष्करी छावणी ठेवली होती, म्हणून जुनी माणसं अजून ‘कॅम्प दापोली’ म्हणतात. छावणी गेली, मग शाळा आल्या. गावाचा स्वभाव शाळेचा झाला तो झालाच. इथल्या मिशनच्या हायस्कुलात साने गुरुजी शिकले, त्यांचं पालगड याच तालुक्यात. धर्मशास्त्राचा इतिहास लिहिणारे पांडुरंग वामन काणे यांचंही शिक्षण दापोलीत झालं. सुभेदार रामजी सकपाळ निवृत्तीनंतर काही काळ कुटुंबासह इथे राहिले, त्यामुळे बाबासाहेबांचं अगदी लहानपण इथलं. रमाबाईंचं माहेर वणंद जवळच आहे. तिथे जायला फक्त रिक्षाचं भाडं लागतं.

कृषी विद्यापीठ १९७२ चं, महाविद्यालय त्याच्याही आधीचं, १९६५ चं. ‘विद्यापीठात काय बघायचं?’ असं लोक विचारतात. मी म्हणतो, झाडं. दुतर्फा झाडी असलेले रस्ते, सायकलवरून प्रॅक्टिकलला निघालेली पोरं, भाताच्या खाचरांपुढे वाणांच्या नावांच्या पाट्या. प्रवेशद्वारावर विचारून, कार्यालयीन वेळेत जा. प्रक्षेत्रात घुसू नका, कुणाच्या तरी पीएचडीवर पाय पडेल. खरी खरेदी रोपवाटिकेतली. विद्यापीठाने काढलेला ‘रत्ना’ हा नीलम आणि हापूस यांचा संकर. हापूस एक वर्षाआड रुसतो आणि आतून साका धरतो, म्हणजे बाहेरून देखणा आंबा कापला की कोयीजवळ पांढरा, आंबट, स्पंजासारखा निघतो. रत्नात हे दोन्ही दोष नाहीत. पुढे रत्नाचा पुन्हा हापूसशी संकर करून ‘सिंधू’ काढला, त्याची कोय इतकी पातळ की जवळजवळ नाहीच. कलम शंभर-दीडशेच्या आसपास मिळतं. पावसाच्या तोंडावर गर्दी होते आणि हवा तो वाण संपतो, तेव्हा निघण्याआधी चौकशी करा. बाहेरच्या रस्त्यावरच्या नर्सरीतही ‘विद्यापीठाचं कलम’ म्हणून मिळतं, दीडपट दराने. फळ धरेपर्यंत ते कशाचं आहे हे कळत नाही, आणि तोवर नर्सरीवाल्याला तुमचा चेहराही आठवत नसतो.

हवेबद्दल एक सूचना: डिसेंबर-जानेवारीत स्वेटर आणा. कोकण म्हणजे घाम, या समजुतीने आलेला माझा मेहुणा पहिल्याच पहाटे लॉजची चादर गुंडाळून चहाला बाहेर आला. बाजारातून घेतलेली शाल चारशेला पडली. दापोलीचं ‘मिनी महाबळेश्वर’ हे नाव जाहिरातीचं वाटत असलं तरी पारा इथे खरोखरच दहाच्या आसपास उतरतो.

फिरण्यात पहिला नंबर मी आसूदच्या केशवराजला देतो. दापोलीपासून सहा-सात किलोमीटर, हर्णैच्या रस्त्यावर. एसटी फाट्याला सोडते. तिथून नारळी-पोफळीच्या आगरांतून उतार सुरू होतो. दोन्ही बाजूंना पोफळी इतक्या दाट की दुपारी बाराला गेलात तरी उन्हाचे फक्त कवडसे पडतात. पायवाटेच्या कडेने दगडी पाटातून पाणी पळत असतं, कुणाच्या आगरात वळायचं ते त्याला पाठ असल्यासारखं. खाली नदीवरचा साकव ओलांडला की पायऱ्यांची दमवणारी चढण. वर छोटं देऊळ आणि गोमुखातून पडणारं गार पाणी. तिकीट नाही, पार्किंगवाल्याची शिट्टी नाही. श्री. ना. पेंडशांचा ‘गारंबीचा बापू’ वाचलेल्यांना ही वाट ओळखीची वाटेल, तो मुलूख हाच. पायऱ्या शेवाळलेल्या असतात, पावसाळ्यात चपलेऐवजी पकड असलेले बूट घाला. गुडघे दुखणाऱ्यांनी पुलापर्यंत यावं आणि तिथेच बसावं. पुलावर बसणंही कमी नाही.

दुसरा नंबर हर्णैच्या मासळी लिलावाला. दुपारी साडेचारला पोचा. मचवे दूर पाण्यात थांबतात, ओहोटीला बैलगाड्या चाकं बुडेपर्यंत आत जातात आणि मासळीच्या टोपल्या भरून वाळूवर येतात. वाळूतच ढीग पडतो, भोवती माणसांचं कडं होतं आणि बोली सुरू होते. बोलीचा वेग असा की नवख्याला फक्त शेवटचा आकडा कळतो. मी एकदा नाकावरची माशी हाकलायला हात वर केला, तर लिलाववाल्याने माझ्याकडे पाहिलं आणि बाजूच्या मावशीने हात धरून खाली ओढला. ‘दादा, हात खाली. दोन मण बांगडा घेऊन पुण्याला जाताय का?’ घाऊक ढीग आपल्या कामाचे नव्हेत. लिलावात घेतलेली मासळी तिथेच वाटे लावून विकणाऱ्या बायका असतात, त्यांच्याकडून घ्या. सहा-आठ बांगड्यांचा वाटा दीडशे-दोनशेला, पापलेट आणि सुरमई मात्र शहरापेक्षा फार स्वस्त असेल या भ्रमात राहू नका. मोठा माल आधीच मुंबईच्या बर्फात गेलेला असतो. जून-जुलैत मासेमारी बंद, तेव्हा लिलावही बंद. त्या दिवसांत ‘ताजी सुरमई’ लिहिलेली पाटी दिसली तर शाकाहारी थाळी मागवा.

हर्णैसमोर पाण्यात सुवर्णदुर्ग. २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे जे बारा किल्ले जागतिक वारशात घेतले, त्यांतला हा एक. कान्होजी आंग्र्यांच्या आरमाराचा हा मोठा आधार होता. १७५५ मध्ये इंग्रजांनी, पेशव्यांच्या साथीने, तो आंग्र्यांकडून घेतला. आपल्याच दोन घरांतल्या भांडणाची ही गोष्ट बोटवाला सहसा सांगत नाही. होडी माणशी दोन-तीनशे घेते, पण ती भरली तर. चारजणच असलात तर अख्ख्या होडीचे पंधराशे-दोन हजार सांगतात. किनाऱ्यावर अर्धा तास थांबा, दुसरं एखादं कुटुंब येतंच. दर ठरवताना ‘जाऊन-येऊन’ आणि ‘किल्ल्यावर किती वेळ’ हे दोन्ही बोलून घ्या. माझ्या एका खेपेला परतीचे पन्नास-पन्नास पाण्यात असताना मागितले गेले, आणि पाण्यात माणूस घासाघीस करत नाही. किल्ल्यावर टपरी नाही, पाणी बरोबर न्या. पावसाळ्यात होडी जात नाही.

कर्द्याच्या डॉल्फिन सफरीवर मी पुन्हा पैसे घालणार नाही. माणशी अडीचशे देऊन पाच होड्या एका पाठीच्या मागे धावताना पाहिल्या, डॉल्फिनची दया आली. त्यापेक्षा पहाटे किनाऱ्यावर चाला. शेजारच्या मुरुडात दुर्गादेवीच्या देवळाचे कोरीव लाकडी खांब बघा. महर्षी कर्वे याच गावात वाढले. परीक्षेला बसायला ते मुरुडहून साताऱ्यापर्यंत पायी गेले आणि वयाने लहान दिसतात म्हणून त्यांना परत पाठवलं गेलं.

आंजर्ल्याचा कड्यावरचा गणपती, तिथून दिसणारी खाडी आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये कासवाची पिल्लं समुद्रात सोडतात ते, एवढ्यासाठी अर्धा दिवस रिक्षा करा. दापोली–आसूद–हर्णै–आंजर्ले–दापोली अशा फेरीचे नऊशे ते अकराशे होतात, थांबण्यासकट. पिल्लं रोज निघतील असं नाही. तो कासवांचा कारभार आहे, परतावा मागू नये. पन्हाळेकाजीची लेणी वेगळ्या दिशेला, तीसेक किलोमीटर. नदीकाठची २९ लेणी, बौद्धांपासून नाथपंथीयांपर्यंतच्या खुणा एका रांगेत. सुंदर आहेत, पण तिथे एसटीच्या भरवशावर जाऊ नका, रिक्षाचे बाराशे धरा किंवा पुढच्या खेपेला ठेवा. स्वतःची गाडी असेल तर दाभोळहून धोपाव्याला फेरीबोट आहे. गाडीचे दोनशेच्या घरात घेतात आणि गुहागरला जाण्याचा चिपळूणकडून होणारा लांब वळसा वाचतो.

जेवण: गावातल्या खानावळीत शाकाहारी थाळी दीडशे, बांगडा थाळी दोनशे-सव्वादोनशे, सुरमई साडेतीनशेच्या पुढे. किनाऱ्यावर प्रत्येकात पन्नास मिळवा. उकडीचे मोदक आदल्या दिवशी सांगावे लागतात, नगाला तीस-चाळीस. सोलकढी गुलाबी भडक दिसली तर ती पाकिटातली. घरची सोलकढी फिकट असते.

पुण्याहून नवरा-बायकोचा हिशेब मांडतो: एसटी जाऊन-येऊन हजाराच्या आत, दोन रात्रींची लॉज दोन हजार, खाणं अठराशे, एक दिवस एसटीने फिरणं दीडशे, एक दिवस रिक्षा हजार, होडी पाचशे. साडेसहा हजारांत दोन दिवस भरतात. स्वतःची गाडी काढलीत तर पेट्रोलचेच तीनेक हजार.

आमसूल आणि आगळ बाजारपेठेतून घ्या, हायवेच्या दुकानातून नको. आमसूल हातात दाबून बघा, मिठाने ओलं असेल तर वजनात मिठाचे पैसे देताय. काजू अख्खा आणि तुकडा यांच्या दरात किलोमागे दोनशेचा फरक असतो, भाजीत घालायला तुकडा पुरे.

परवाच्या खेपेला मी सिंधूचं एक कलम घेतलं. दापोली-स्वारगेट गाडीत कंडक्टरने पिशवीकडे पाहून विचारलं, ‘काय आहे?’ आंबा, म्हटलं. ‘किती वर्षांनी?’ चार-पाच. त्याने तिकीट माझ्या एकट्याचं फाडलं आणि पिशवी सीटखाली सरकवताना शेंडा वाकणार नाही असा तिरका लावून दिला. ‘घाटात धरून बसा,’ म्हणाला. ताम्हिणी चढेपर्यंत धरून बसलो.