गावाची गाडी, गावाची यादी : एसटीच्या वेळा आपण कशा सांभाळायच्या?



प्रभागसंघाची बैठक ठरवताना दर वेळी एक प्रश्न हमखास निघतो, "परतीची गाडी किती वाजता हाय?" मग पाच जणी पाच वेळा सांगतात. एक म्हणते चारची आहे. दुसरी म्हणते ती तर कधीचीच बंद झाली. तिसरी म्हणते, शाळा सुरू असली तरच येते. बहुतेक वेळा प्रत्येकीचं थोडं थोडं खरं असतं. म्हणजे माहिती गावात आहे, पण ती एका ठिकाणी लिहिलेली नाही.

या अंकाचा पाठ याच विषयावर आहे. आपल्या भागातल्या गाड्यांची एक सामाईक यादी मोबाईलवर कशी करायची आणि करून झाल्यावर ती खरी कशी ठेवायची, ते पाहू. यादी करणं एका दिवसाचं काम आहे. ती सांभाळणं हे खरं काम. पण समूहाची वही वर्षानुवर्षं सांभाळणाऱ्या बायांना ते नवीन नाही.

गाडीची वेळ म्हणजे पैसा

१७ मार्च २०२३ पासून महिला सन्मान योजनेत सगळ्या महिलांना एसटीचं तिकीट अर्ध्या दरात मिळतं. ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांना अर्धं तिकीट आहे आणि ७५ वर्षांवरच्यांना ऑगस्ट २०२२ पासून प्रवास मोफत आहे. शाळेत जाणाऱ्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेतून पास मोफत मिळतो. पण या सगळ्या सवलती एसटीत बसल्यावरच मिळतात. गाडी चुकली की काळीपिवळीत पूर्ण पैसे मोजावे लागतात.

एक साधा हिशोब मांडून बघा. समजा तालुक्याचं पूर्ण तिकीट ४० रुपये आहे. एसटीत तुमचे २० लागतील, काळीपिवळीत ४०. जाऊन-येऊन फरक ४० रुपयांचा. महिन्यात बँक, दवाखाना, बाजार आणि बैठक अशा चार चकरा झाल्या तर १६० रुपये. कितीतरी समूहांची महिन्याची बचत १०० रुपये असते. नुसती वेळ माहीत नाही म्हणून बचतीपेक्षा जास्त रक्कम रस्त्यावर जाते.

पैशापलीकडचंही आहे. शेवटची गाडी किती वाजता, हे नक्की माहीत नसलं की घरचे म्हणतात, "जाऊ नको, परत कशी येशील?" मग ती ताई प्रशिक्षणाला येत नाही, बँकेत सहीला येत नाही, पदाधिकारी व्हायलाही नाही म्हणते. मुलीचं कॉलेज सुटण्याची वेळ आणि गाडीची वेळ जुळत नसली तर तिच्या शिक्षणावरच गदा येते. म्हणून हा विषय किरकोळ समजू नका.

आगाराचं वेळापत्रक आणि गावाचं वेळापत्रक

एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ ला पुणे ते अहमदनगर धावली. तेव्हापासून वेळापत्रक आगारात तयार होतं, आणि ते तसंच हवं. कोणती गाडी, कोणता चालक, कोणता वाहक, किती फेऱ्या, हे आगारानेच ठरवायचं असतं. पण ते वेळापत्रक गाडीच्या बाजूने लिहिलेलं असतं. गाडी स्थानकातून किती वाजता सुटणार, हे त्यात कळतं. आपल्या फाट्यावर ती किती वाजता येईल, हे आपल्याला हवं असतं.

आपल्या जिल्ह्यात अजून एक गोष्ट आहे. तालुके सहा आहेत : वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरुळपीर, कारंजा आणि मानोरा. एसटीची आगारं मात्र चार, वाशिम, रिसोड, मंगरुळपीर आणि कारंजा. ती अकोला विभागात येतात. मालेगाव आणि मानोऱ्याला आगार नाही, तिथे दुसऱ्या ठिकाणच्या गाड्या येतात. शिवाय पुसद आणि दिग्रसच्या गाड्या यवतमाळ विभागाच्या, हिंगोलीच्या परभणी विभागाच्या, मेहकरच्या बुलडाणा विभागाच्या. एकाच फाट्यावर तीन-चार आगारांच्या गाड्या थांबू शकतात. प्रत्येक आगाराकडे आपापला कागद असतो. तुमच्या फाट्याचा म्हणून एकत्र कागद कोणाकडेच नसतो. तो फाट्यावर उभी राहणारी बाईच करू शकते.

आणि वेळा बदलतात. नोव्हेंबर २०२१ ते एप्रिल २०२२ या काळात एसटी कर्मचाऱ्यांचा मोठा संप झाला. तेव्हा कितीतरी जणींना जुन्या पाठ असलेल्या वेळा पुन्हा शिकाव्या लागल्या. त्यामुळे "मला पाठ आहे" एवढ्यावर भागत नाही.

हे काम जगात कुठे झालं आहे?

२००४ साली इंग्लंडमध्ये ओपनस्ट्रीटमॅप नावाचा नकाशा सुरू झाला. तो एका कंपनीचा नाही. जगभरातले स्वयंसेवक तो भरतात आणि कोणीही फुकट वापरू शकतं. त्यात बसथांबे टाकता येतात, थांब्याचं नाव मराठीत लिहिता येतं. कोणी काय बदललं आणि कधी बदललं, याची नोंद राहते. स्ट्रीटकम्प्लीट नावाचं एक फुकट ॲप आहे. नकाशात असलेल्या थांब्यापाशी गेलं की ते सोपे प्रश्न विचारतं : इथे शेड आहे का, बसायला बाकडं आहे का? उत्तर दिलं की नकाशात भर पडते.

दुसरं उदाहरण केनिया देशातल्या नैरोबी शहराचं. तिथे आपल्या काळीपिवळीसारख्या खासगी गाड्या चालतात, त्यांना मटाटू म्हणतात. लाखो लोक रोज त्यातून जातात, पण सगळ्या मार्गांचा नकाशा कोणाकडे नव्हता. मग विद्यापीठातले विद्यार्थी मोबाईल घेऊन त्या गाड्यांत बसले आणि एकेक थांबा नोंदवत गेले. १३० च्या वर मार्ग झाले. २०१४ मध्ये तो नकाशा सगळ्यांसाठी खुला केला आणि पुढे शहराच्या प्रशासनानेही तो स्वीकारला. सामान्य माणसाने नीट केलेली नोंद सरकारच्याही कामाला येते, हे त्यातून दिसलं.

गाड्यांची माहिती लिहिण्याची एक ठरलेली पद्धतही आहे, तिला जीटीएफएस म्हणतात. २००५ साली अमेरिकेतल्या पोर्टलँड शहराची बससेवा आणि गुगल यांनी मिळून तिची सुरुवात केली. आज मोबाईलवर बसच्या वेळा दिसतात त्यामागे बऱ्याचदा हीच पद्धत असते. नाव मोठं वाटतं, पण आत मुख्यतः पाच साधे तक्ते आहेत : थांबे कोणते, मार्ग कोणते, फेऱ्या किती, प्रत्येक थांब्यावरची वेळ काय, आणि कोणत्या दिवशी चालते. आपली यादीही याच पाच प्रश्नांवर करायची.

आपली यादी : काय काय लिहायचं?

मोबाईलवर गुगल शीट उघडा. ज्या ताईंना ते जमत नाही त्यांनी वहीत रकाने पाडले तरी चालेल, लिपिका ताई ते शीटमध्ये भरतील. एका फेरीला एक ओळ.

१. थांबा : गावात की फाट्यावर, ते स्पष्ट लिहा. "आमच्या गावाला गाडी येते" आणि "गावापासून दोन किलोमीटरवर फाट्याला येते" यात डोक्यावर ओझं असलेल्या बाईसाठी फार फरक आहे.

२. कुठून कुठे : आणि कोणत्या गावावरून. एकाच तालुक्याला दोन रस्त्यांनी गाड्या जातात.

३. आपल्या थांब्यावरची वेळ : स्थानकातून सुटण्याची वेळ माहीत असेल तर तीही वेगळ्या रकान्यात लिहा. दोन वेळा एकाच रकान्यात टाकल्या की घोळ होतो.

४. कोणत्या दिवशी : रोज, फक्त बाजाराच्या दिवशी, की शाळा सुरू असताना? मानव विकासच्या निळ्या गाड्या मुलींच्या शाळेच्या वेळेला धरून असतात, दिवाळीच्या सुटीत त्यांच्यावर विसंबू नका. पोहरादेवीच्या यात्रेला जास्तीच्या गाड्या सुटतात, त्या रोजच्या समजू नका. पावसाळ्यात नाल्याला पूर आला की कोणती गाडी फाट्यावरूनच परत फिरते, तेही इथेच लिहा.

५. गाडीचा प्रकार : साधी, जलद, की मुक्कामी. मुक्कामी गाडी रात्री गावात राहते आणि पहाटे निघते. दवाखान्यात लवकर नंबर लावायचा असेल तर तीच कामाची. जलद गाडी तुमच्या फाट्यावर थांबते का, तेही बघा.

६. शेवटची खात्री : कोणत्या तारखेला, कोणी पाहिलं.

काळीपिवळीसाठी वेगळी ओळ करा. तिला ठरलेली वेळ नसते, म्हणून खोटी वेळ लिहू नका. "सकाळी ८ ते ११, भरली की निघते" असं लिहिलं तरी पुरे.

यादीची पंचसूत्री

समूहाची पंचसूत्री आपल्याला पाठ आहे : नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड, नियमित लेखे. यादीसाठीही पाच नियम ठरवू.

पहिला, डोळ्यांनी पाहिलेलंच लिहायचं. ऐकलेली वेळ असेल तर पुढे "ऐकीव" असा शब्द टाका. जी ताई फाट्यावर उभी होती तिचं खरं धरायचं.

दुसरा, एका थांब्याची एक जबाबदार ताई. सगळ्यांचं काम म्हणजे कोणाचंच काम नाही. शीट सगळ्यांना बघता यावी, पण बदल फक्त या तायांनीच करावा. शीटमध्ये तशी परवानगी ठरवता येते.

तिसरा, जुनी ओळ पुसायची नाही. गाडी बंद झाली तर "बंद" लिहून तारीख टाकायची. कॅशबुकमध्ये आपण खाडाखोड करत नाही, तसंच.

चौथा, महिन्यातून एकदा तपासणी. ग्रामसंघाच्या बैठकीत पाच मिनिटं द्या. ज्या ओळीची खात्री तीन महिन्यांत झाली नाही तिच्यापुढे "जुनी माहिती" लिहा. हा नियम सगळ्यात महत्त्वाचा. यादीत वेळच नसेल तर बाई चार जणींना विचारते. चुकीची वेळ असेल तर विश्वास ठेवून लेकराला घेऊन उन्हात उभी राहते. दोन वेळा असं झालं की ती यादी पुन्हा उघडून पाहत नाही.

पाचवा, वाद झाला तर फाट्यावर जाऊन बघायचं. दोन तायांच्या वेळा जुळत नसतील तर दोघींनी तीन दिवस गाडी पाहावी. मोठ्याने बोलणारीची वेळ खरी, असं नको. सोबत वाहकाला किंवा स्थानकातल्या वाहतूक नियंत्रकाला नम्रपणे विचारा, तेही मदत करतात.

काय लिहायचं नाही

यादी खुली आहे, ती कोणाच्याही हातात जाऊ शकते. म्हणून त्यात फक्त गाडीची माहिती हवी. कोणती मुलगी कोणत्या गाडीने एकटी येते, कोणत्या दिवशी कोण बचतीची रक्कम घेऊन बँकेत जाते, असं काहीही लिहू नका. तायांचे मोबाईल नंबर नकोत. "कोणी पाहिलं" या रकान्यात समूहाचं नाव लिहिलं तरी चालेल. चालक-वाहकांबद्दलची तक्रारही इथे नको, तक्रारीसाठी आगारात वेगळी सोय असते.

यादी बोलायला लागते तेव्हा

सहा महिने यादी नीट ठेवली की तिच्यात रिकाम्या जागा दिसू लागतात. सकाळी नऊनंतर दुपारी तीनपर्यंत एकही फेरी नाही. तालुक्याहून शेवटची गाडी कॉलेज सुटण्याच्या आधीच निघते. तांड्यावर पावसाळ्यात एकही गाडी पोहोचत नाही. आधी हे आपण पारावर बोलत होतो. आता ते तारखेसह लिहिलेलं आहे.

अशा वेळी ग्रामसंघाने अर्ज करावा. ग्रामसभेचा ठराव सोबत जोडावा आणि आगार व्यवस्थापकांना भेटावं. "आम्हाला गाडी पाहिजे" एवढंच म्हटलं तर उत्तर देणं कठीण असतं. "या तीन गावांतून एवढ्या मुली आणि एवढ्या बाया या वेळेला जातात, ही सहा महिन्यांची नोंद आहे, अमुक फेरी अर्धा तास उशिरा सोडली तर सगळ्यांची सोय होईल" असं सांगितलं की बोलणं पुढे जातं. नवीन गाडी देणं आगाराला सोपं नसतं. आहे त्याच फेरीची वेळ थोडी सरकवणं त्यामानाने सोपं असतं. मागणी होईलच असं नाही, पण कागद घेऊन गेलेल्या बाईचं म्हणणं ऐकून घ्यावं लागतं.

पुढच्या बैठकीत करायचं काम

१. आपल्या गावाच्या किंवा फाट्याच्या सगळ्या गाड्या फळ्यावर लिहा. प्रत्येक वेळेपुढे विचारा, "हे कोणी पाहिलं?" किती ओळी खात्रीच्या निघाल्या ते मोजा.

२. तालुक्याहून गावाकडे येणारी शेवटची गाडी कोणती? तिची खात्री याच आठवड्यात कोण करणार, ते ठरवा.

३. थांब्याची जबाबदार ताई निवडा. मोबाईल चालवणारी सून किंवा कॉलेजची मुलगी तिच्या जोडीला द्या. एकीला गाड्या माहीत, दुसरीला मोबाईल, अशी जोडी छान जमते.

४. मागच्या महिन्यात गाडी चुकल्यामुळे समूहातल्या तायांचे मिळून किती रुपये जास्त गेले, त्याचा हिशोब करा आणि आकडा बैठकीच्या वहीत लिहा.

सुरुवात एकाच थांब्यापासून करा. दहा खात्रीच्या ओळी असल्या तरी पुष्कळ झालं. शेजारच्या गावाने त्यांच्या दहा जोडल्या की बैठकीची वेळ ठरवताना पाच जणींना विचारावं लागणार नाही, यादी उघडून बघता येईल.