प्रशिक्षणाचे माध्यम कसे निवडावे?

कोणत्याही योजनेचे यश अखेरीस ती राबविणाऱ्या माणसाच्या तयारीवर अवलंबून असते. पूर्वी प्रशिक्षण म्हणजे तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या ठिकाणी भरणारा वर्ग, एवढाच अर्थ होता. आज दूरचित्रवाणी, मोबाइल, इंटरनेट अशी अनेक साधने उपलब्ध आहेत. साधनाची निवड चुकली तर प्रशिक्षण कागदोपत्री पूर्ण होते. कर्मचारी मात्र होता तेथेच राहतो.

साधनाला जोड हवी

१ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या काळात भारतात उपग्रहाद्वारे दूरचित्रवाणीचा प्रयोग झाला. सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेडी त्यात समाविष्ट होती. याच प्रयोगात सुमारे ५० हजार प्राथमिक शिक्षकांना विज्ञान अध्यापनाचे प्रशिक्षण देण्यात आले. शिक्षकांना केवळ पडद्यापुढे बसविण्यात आले नव्हते. नभोवाणी, छापील साहित्य, प्रत्यक्ष कृती व चर्चा यांची जोड त्यास देण्यात आली होती. साधन नवे असले तरी शंकानिरसनाची सोय आवश्यकच असते, हे त्या वेळीच ओळखले गेले होते.

हाती असलेल्या फोनवर धडे

आशा स्वयंसेविकांसाठी बिहारमध्ये २०१२ साली सुरू झालेला ‘मोबाइल अकॅडमी’ हा उपक्रम या दृष्टीने अभ्यासण्याजोगा आहे. त्या काळी खेड्यापाड्यांतील बहुतेक स्वयंसेविकांजवळ साधे फोन होते. म्हणून इंटरनेट किंवा महागडा फोन लागणार नाही, अशी ध्वनिमुद्रित धड्यांची पद्धत स्वीकारण्यात आली. ठरावीक क्रमांक फिरवावा, धडा ऐकावा, प्रश्नांची उत्तरे कळ दाबून द्यावीत, आणि सवडीने पुढचा धडा घ्यावा, अशी ही रचना होती. घरकाम व गृहभेटी सांभाळून शिकणाऱ्या स्त्रीला ती सोयीची होती. २०१६ मध्ये केंद्र शासनाने हा उपक्रम राष्ट्रीय पातळीवर स्वीकारला आणि २०२४ मध्ये तो महाराष्ट्रातही आणण्यात आला.

ऐकून काय येते, करून काय येते?

तथापि, प्रत्येक कौशल्य ऐकून येत नाही. बाळंतिणीशी कसे बोलावे, धोक्याची लक्षणे कोणती, हे आवाजातून शिकता येते. नवजात अर्भकाचे वजन करणे, तापमान मोजणे, श्वास मोजणे यांसाठी मात्र हाताला वळण लागावे लागते. प्रसूती रुग्णालयात झाली असली तरी आशा स्वयंसेविकेने ४२ दिवसांत सहा गृहभेटी द्यावयाच्या असतात. त्या भेटीत वजनाची नोंद चुकली तर धोक्यात असलेले बालक नजरेतून सुटू शकते. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातील स्त्रियांना प्रशिक्षित करून नवजात बालकांचे मृत्यू कमी करून दाखविले. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या या कार्याचा पाया प्रत्यक्ष सरावाचा होता.

दोन्हींची सांगड

शिक्षकांसाठी २०१९ साली प्रत्यक्ष वर्गांच्या रूपाने सुरू झालेले ‘निष्ठा’ प्रशिक्षण कोविडच्या साथीमुळे २०२० मध्ये ‘दीक्षा’ मंचावर ऑनलाइन देण्यात आले. दीक्षा ॲपमधील साहित्य एकदा उतरवून घेतले की इंटरनेटशिवायही पाहता येते. त्यामुळे आठवडी बाजाराच्या गावी साहित्य उतरवून घ्यावे आणि वाडीवरच्या शाळेत ते पाहावे, हे शक्य होते. केंद्र प्रमुखांच्या बैठकीत त्यावर चर्चा घडवून आणल्यास दोन्ही पद्धतींचा लाभ मिळतो.

निवडीपूर्वी विचारावयाचे प्रश्न

प्रशिक्षणाची आखणी करताना पुढील प्रश्नांची उत्तरे आधी मिळवावीत :

१. प्रशिक्षणार्थींच्या हाती कोणते साधन आहे आणि त्यांच्या गावी वीज व नेटवर्क कितपत मिळते?

२. द्यावयाची आहे ती माहिती, की हाताचे कौशल्य?

३. शंका आल्यास उत्तर कोण देणार?

४. लागणारा वेळ व इंटरनेटचा खर्च कोणाच्या माथी पडणार?

५. शिकलेले कामात उतरले, हे कसे तपासणार?

या प्रश्नांची उत्तरे कार्यालयात बसून न ठरवता, आठ-दहा कर्मचाऱ्यांच्या लहान गटावर प्रथम चाचणी घ्यावी. त्यांपैकी सर्वांत दूरच्या वस्तीवर काम करणाऱ्या व्यक्तीला जे साधन विनासायास वापरता येईल, तेच इतरांसाठी निवडणे हिताचे ठरेल.